माफीच्या रजिस्टरातला कोरा रकाना

तुरुंगखात्यातील नोकरीची उमेदीची वर्षे मी ज्या टेबलावर काढली, ते टेबल माफीचे होते. न्यायालयाने ठोठावलेल्या मुदतीतून, कैद्याने चांगल्या वर्तणुकीने आणि नेमून दिलेल्या मजुरीने मिळवलेले दिवस महिन्याच्या महिन्याला वजा करणे, त्या वजावटीची नोंद रजिस्टरात आणि त्याच्या हिस्ट्री तिकिटावर चढवणे, दंड भरला की नाही याची रुजुवात घेणे, आणि अखेरीस या साऱ्या हिशेबातून सुटकेची तारीख काढून ती अधीक्षकांच्या सहीसाठी ठेवणे, एवढेच ते काम. परंतु ज्याचे आयुष्य त्या तारखेवर टांगलेले असते, त्याच्या दृष्टीने त्या टेबलाइतके महत्त्वाचे ठिकाण चार भिंतींच्या आत दुसरे कोणतेही नसते. बाहेरच्या माणसास वाटते की न्यायाधीशाने सात वर्षे म्हटली म्हणजे सात वर्षे झाली. प्रत्यक्षात राज्याच्या १९६२ च्या माफी नियमांनी कैद्याला त्या मुदतीतून काही दिवस कमावण्याची मुभा दिलेली आहे, आणि ती कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसून, पहाटेच्या गिनतीपासून संध्याकाळच्या बंदीपर्यंत शिस्तीने वागल्याचा आणि हातमागावर, सुतारशाळेत किंवा स्वयंपाकघरात अंग मोडून काम केल्याचा तो मोबदला आहे. संजय दत्त २०१६ च्या फेब्रुवारीत येरवड्यातून मुदतीच्या सुमारे आठ महिने आधी बाहेर पडले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. तथापि ज्या नियमांनी ते सुटले त्याच नियमांनी दरवर्षी शेकडो अनाम माणसे सुटत असतात, हे आम्हां दप्तरातल्या लोकांना ठाऊक होते.

ही माफी चोराला मिळते, दरोडेखोराला मिळते, खून करून जन्मठेप भोगणाऱ्याच्या खात्यातही तिचे दिवस जमा होत राहतात. मात्र माझ्या रजिस्टरात काही नावांपुढचा रकाना पहिल्या महिन्यापासून अखेरच्या महिन्यापर्यंत कोराच राहत असे. ही माणसे अमली पदार्थांच्या कायद्याखाली शिक्षा झालेली होती.

हा कायदा १९८५ चा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आपल्यावर जी बंधने आली होती, त्यांच्या पूर्ततेसाठी तो करण्यात आला, आणि गांजा, अफू, चरस यांसंबंधी पूर्वीपासून चालत आलेले प्रांतोप्रांतीचे आबकारीचे शिरस्ते बाजूला सारून साऱ्या देशाला एकच कठोर दंडविधान लागू झाले. पुढे १९८९ मध्ये त्यात कलम ३२-अ घालण्यात आले. सेवनाचा अपराध वगळता या कायद्याखाली झालेली कोणतीही शिक्षा स्थगित करता येणार नाही, कमी करता येणार नाही किंवा सौम्य करता येणार नाही, असे ते कलम सांगते. या कलमाची घटनात्मकता ज्या खटल्यात तपासली गेली तो आपल्या महाराष्ट्रातलाच: दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १२ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अपील चालू असताना शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार या कलमाने हिरावून घेणे घटनाबाह्य आहे; परंतु शासनाचा माफीचा अधिकार काढून घेणे संसदेच्या कक्षेत बसते. पॅरोल म्हणजे शिक्षेची स्थगिती नव्हे, असेही त्याच निकालाने स्पष्ट झाले, त्यामुळे घरच्या मयतीला जाण्याचा अर्ज तरी या कैद्यांना करता येऊ लागला. रकाना मात्र कोरा तो कोराच राहिला.

कायद्याचे कलम दप्तरात वाचणे निराळे आणि ते समोर उभ्या राहिलेल्या माणसाला समजावून सांगणे निराळे. माझे गाव डोंगरकडा; नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, केळी, ऊस आणि हळद यांच्यावर जगणारे. आमच्याच कळमनुरी तालुक्यातला एक सालगडी माझ्या नोकरीच्या काळात आमच्याकडे शिक्षा भोगायला आला, आणि बोलीवरून मी त्याला पहिल्या दिवशीच ओळखले. मालक शहरात राहणारा. पाडव्याला साल ठरवून याला शेतावर ठेवलेला. याने हळदीच्या वाफ्यांच्या कडेला, उसाच्या आडोशाने, गांजाची काही झाडे जोपासली. काही स्वतःच्या चिलमीसाठी, काही येणाऱ्या-जाणाऱ्याला विकून चार पैसे व्हावेत म्हणून. त्याने ते केले यात संशय नव्हता आणि त्यानेही माझ्यापाशी ते कधी नाकारले नाही. पोलिसांनी झाडे मुळासकट उपटली, मुळांना चिकटलेल्या ओल्या मातीसकट काट्यावर घातली, पंचनामा झाला. सातबारा ज्याच्या नावाचा तो मालक, आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते एवढे सांगून मोकळा झाला. सालगड्याला पाच वर्षे सक्तमजुरी आणि पन्नास हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने. पन्नास हजार हा आकडा त्याच्या घरात कोणी कधी एकत्र पाहिलेला नव्हता, तेव्हा ते सहा महिने शिक्षेला जोडलेलेच समजायचे.

कारागृहाच्या भाजीच्या वाफ्यांवर त्याच्यासारखा कामाचा माणूस दुसरा नव्हता. महिना भरला की तो टेबलापाशी येई आणि विचारी, "सायेब, माझे किती दिस झाले?" मी त्याला कलम समजावून सांगे, आणि तो ऐकून घेई, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारी. त्याला कळत नसे असे नाही. शेजारच्या बराकीत बायकोच्या खुनासाठी आलेला एक माणूस दर महिन्याला आपले दिवस मोजून समाधानाने परत जात असलेला तो पाहत होता, आणि अशी गोष्ट कायद्यात असू शकते यावर त्याचे मन बसत नव्हते. एकदा तो म्हणाला, "त्येचे दिस सुटायलेत अन् माझे न्हाईत. मी कुणाला मारलं होतं का?" खात्यातल्या माणसाजवळ या प्रश्नाला नियमाचे उत्तर होते, न्यायाचे नव्हते.

याच काळातली आणखी एक हकीकत माझ्या मनावर अधिक खोल उमटलेली आहे, कारण तिच्यात कायद्याने स्वतःच आपली चूक मान्य केली आणि तरीही ती दुरुस्त केली नाही. १९८५ च्या मूळ कायद्यात ब्राऊन शुगरसाठी 'अल्प प्रमाण' म्हणून अडीचशे मिलिग्रॅमची मर्यादा अधिसूचित झालेली होती. त्याहून अधिक जवळ सापडले, किंवा थोडके असले तरी ते स्वतःच्या सेवनासाठीच होते हे आरोपीला सिद्ध करता आले नाही, तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. त्यामुळे पुडीसाठी पुडी विकणारा, स्वतः व्यसनाने पोखरलेला पोरगा आणि कंटेनर भरून माल पाठवणारा सावकार हे शिक्षेच्या दृष्टीने एकाच पंक्तीला बसत. २ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हा अन्याय ओळखला. प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या पाडल्या गेल्या; हेरॉइन पाच ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण ठरून कमाल शिक्षा तेव्हा सहा महिने, अडीचशे ग्रॅमच्या वर गेले तर व्यापारी प्रमाण आणि दहा ते वीस वर्षे. गांजासाठी या मर्यादा एक किलो आणि वीस किलो अशा ठरल्या. परंतु त्याच दुरुस्तीत एक परंतुक होते: ज्यांचे खटले चालू आहेत त्यांना नव्या तरतुदींचा लाभ मिळेल, ज्यांची अपिले चालू आहेत त्यांना नाही. २००४ मध्ये बशीर विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे परंतुकही वैध ठरवले.

याचा अर्थ मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मुंबईकडून बदली होऊन आलेला एक तरुण, काही ग्रॅम ब्राऊन शुगरसाठी दहा वर्षांच्या वॉरंटवर होता, कारण त्याचा निकाल दुरुस्तीपूर्वी लागला होता. त्याच्यानंतर तितक्याच मालासह पकडला गेलेला दुसरा एक जण, ज्याचा खटला तारखा पडत पडत लांबला, तो नव्या कायद्याने काही महिन्यांत घरी गेला. अपराध एक, माल एक, व्यसन एक. अंतर केवळ न्यायालयाच्या डायरीतल्या तारखेचे. अशा वेळी न्यायाधीश म्हणतो, माझे हात परंतुकाने बांधले आहेत. शासन म्हणते, माझे हात ३२-अ ने बांधले आहेत. त्या तरुणाने आतच व्यसन सोडले, बराकीतल्या निरक्षर कैद्यांची पत्रे तो लिहून देई, आणि त्याच्या मुलाखतीला येणारी म्हातारी आई हळूहळू येईनाशी झाली. त्याची दहाही वर्षे पुरी झाली, वर दंडाच्या बदल्यातली कैद.

क्षमेचा अधिकार राज्यघटनेत कशासाठी ठेवला आहे, याचा विचार मला त्या तरुणामुळे प्रथम गंभीरपणे करावासा वाटला. कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना दिलेला हा अधिकार साध्या कायद्याने हिरावला जात नाही. १९८० च्या मारू राम खटल्यात हे तत्त्व सांगितले गेले आणि ते आजही अबाधित आहे. म्हणजे ३२-अ असतानाही तो दरवाजा उघडा आहे. परंतु त्या दरवाजापर्यंत पोहोचणारी वाट किती लांब! कैद्याचा अर्ज, अधीक्षकांचा अभिप्राय, पोलिसांचा अहवाल, मग मंत्रालय, मग मंत्रिमंडळाचा सल्ला, कारण राज्यपाल त्या सल्ल्यानेच वागतात. मी लिहून दिलेल्या अशा अर्जांपैकी काहींची उत्तरे कैदी सुटून गेल्यावर आली आणि पत्त्यावर माणूस न सापडल्याने परत आली.

मी एकाच बाजूने बोलतो आहे असे कोणी म्हणू नये. निवृत्तीनंतर मी गावी येऊन राहिलो, आणि या प्रश्नाची दुसरी बाजू आता माझ्या घरच्या ओट्यावर येऊन बसते. आंध्रच्या डोंगराळ भागातून तेलंगणामार्गे येणारा गांजा नांदेडच्या वाटेने महाराष्ट्रात उतरतो, हे आमच्या भागात कोणापासून लपलेले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ एका ट्रकमधून १,१२७ किलो गांजा पकडला गेला. गांजापेक्षाही भयंकर असे मेफेड्रोन, ज्याला पोरे 'एमडी' म्हणतात, आता राज्यातच कारखान्यांतून तयार होऊ लागले आहे. २०२४ च्या आरंभी पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तसा कारखाना उघडकीस आणला. गावोगावच्या आया या विषाने पोखरलेल्या मुलांची कथा मला येऊन सांगतात. एका माउलीच्या मुलाने घरातली भांडी विकली, मग बैल विकला, मग तिच्यावर हात टाकला. "माझ्या लेकराला हे लावणाऱ्याला सोडू नका," असे ती म्हणाली, तेव्हा तिच्यापुढे क्षमेची गोष्ट काढण्याचा मला अधिकार नव्हता आणि इच्छाही नव्हती. जो हे विष पिकवून, तयार करून, विकून गबर होतो, त्याने आपली पुरी मुदत भोगावी, यात मला तिळमात्र संदेह नाही.

परंतु त्या माउलीला मी विचारू इच्छितो, आणि तिच्या वतीने सर्वांनाच विचारू इच्छितो, की तुरुंगात खरोखर कोण येते? इतक्या वर्षांत माझ्या टेबलापुढे जे आले, त्यांत ट्रकचे ड्रायव्हर होते, क्लीनर होते, गाठोडे एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर नेण्यासाठी हजार-दोन हजार रुपये घेणाऱ्या परित्यक्ता बाया होत्या, सालगडी होते, व्यसनी होते. माल ज्याचा, तो माझ्या टेबलापुढे क्वचितच आला. याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर, माणसाच्या भूमिकेवर नव्हे. ताडपत्रीखाली काय आहे हे अर्धवट जाणणारा ड्रायव्हर आणि तो ट्रक भरायला लावणारा व्यापारी या दोघांनाही तीच दहा वर्षांची किमान मुदत. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्याच्या निकालाने तर असे ठरले की, भेसळीसाठी घातलेली निरुपद्रवी भुकटीसुद्धा वजनात धरावी. वजनाच्या काट्याला माणूस दिसत नाही. म्हणूनच काट्यानंतर माणसाकडे पाहणारे कोणीतरी असावे लागते, आणि ते काम शिक्षा सुरू झाल्यावर माफीचे आणि क्षमेचे आहे. ज्या एकाच कायद्याला त्या पाहण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच कायद्यात ती नजर बंद करून ठेवलेली आहे.

अपवाद करण्याची ही सवय नंतर सगळीकडे पसरली. २०२० साली महामारीत तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी महाराष्ट्रात जी तातडीची व्यवस्था झाली, तिच्यातून या कायद्याखालचे कैदी वगळले गेले, आणि उच्च न्यायालयानेही ते वगळणे उचलून धरले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त केंद्राने जी विशेष माफी जाहीर केली, तिच्यातही हा कायदा दहशतवाद आणि बलात्कार यांच्या शेजारी, वगळण्याच्या यादीत होता. यादी करणाऱ्यापुढे कलमाचा क्रमांक असतो. त्या क्रमांकामागचा एक किलोवाला आणि एक टनवाला त्याला वेगळा दिसत नाही, आणि वेगळा पाहायला त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

दयेचा अधिकार वरच्यांच्या हाती मोकळा सोडला की सगळे ठीक होईल, असेही मला म्हणायचे नाही. अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत दोन्ही अंगांनी शिकण्यासारखे आहे. तिथे १९८६ च्या कायद्याने 'क्रॅक' कोकेन बाळगणाऱ्याला भुकटी कोकेनच्या तुलनेत एकास शंभर या प्रमाणात कठोर शिक्षा होत होती. २०१० मध्ये ते प्रमाण एकास अठरावर आणले गेले, पण जुन्या कायद्याने शिक्षा झालेले आतच राहिले. अध्यक्ष ओबामांनी आपल्या कारकिर्दीत १,७१५ कैद्यांच्या शिक्षा सौम्य केल्या, त्यांतले बहुसंख्य अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले होते. एकेकाचे कागद तपासून, आज शिक्षा झाली असती तर किती झाली असती हा प्रश्न विचारून ते काम झाले. आमच्याकडच्या २००१ पूर्वीच्या कैद्यांना नेमक्या याच न्यायाची गरज होती. उलट बाजूस, चारशे टनांहून अधिक कोकेनची वाहतूक सुकर केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरून पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झालेले होंडुरासचे माजी अध्यक्ष हुआन ओर्लांडो हर्नांडेझ यांना डिसेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी संपूर्ण माफी दिली. ज्याच्या संरक्षणाखाली टनांनी विष गेले तो मुक्त, आणि ज्याने ते पाठीवर वाहिले तो आत, अशी क्षमा मला न्यायाची विटंबना वाटते. आपल्याकडे याला निदान एक लगाम आहे: २००६ च्या एपुरू सुधाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा माफीचा हुकूम रद्दबातल केला, आणि जात, धर्म किंवा राजकीय लागेबांधे यांच्या आधारे दिलेली माफी न्यायालय तपासू शकते हे बजावले.

म्हणून माझे मत असे आहे. कलम ३२-अ मधला शासनावरचा निर्बंध सरसकट ठेवू नये. व्यापारी प्रमाणाहून कमी मालाच्या सर्व शिक्षांना, आणि व्यापारी प्रमाणाच्या खटल्यांतही जे केवळ वाहक, मजूर किंवा स्वतः व्यसनी होते असे निकालपत्रावरूनच दिसते त्यांना, इतर कैद्यांप्रमाणे श्रमाची आणि वर्तणुकीची माफी मिळावी. संघटित टोळी चालवणाऱ्यांना, कारखाना काढणाऱ्यांना आणि पुन्हा पुन्हा तोच धंदा करणाऱ्यांना ती मिळू नये. दंड भरता न आल्यामुळे जी अधिक कैद भोगावी लागते, तिचा विचार कैद्याची ऐपत पाहून व्हावा, कारण त्या कैदेत अपराधाची नव्हे तर दारिद्र्याची शिक्षा आहे. आणि कायदा सौम्य झाला असेल तेव्हा, जुन्या कायद्याने अडकलेल्यांचे कागद राज्यपालांपुढे आपण होऊन ठेवण्याची जबाबदारी खात्यावर असावी. निरक्षर माणसाच्या अर्जाची वाट पाहू नये. यात ओट्यावर बसलेल्या माउलीवर अन्याय होत नाही. तिच्या मुलाला विष लावणारा आणि माझ्या वाफ्यांवरचा सालगडी ही दोन माणसे आहेत, एवढेच यातून मान्य होते.

तो सालगडी पुरी मुदत भोगून सुटला. एका दिवसाचीही सूट त्याला मिळाली नाही. आता आसपासच्या गावांतून ज्यांचे कोणी आत आहे असे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांतल्या बहुतेकांना दोन गोष्टी ठाऊक नसतात, त्या इथे लिहून ठेवतो, आणि वाचकांनी त्या गरजूंपर्यंत पोहोचवाव्यात अशी विनंती करतो. या कायद्याखाली शिक्षा झालेल्यालाही राज्यपालांकडे घटनेच्या कलम १६१ खाली दयेचा अर्ज करता येतो. आणि कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, मग त्याचा गुन्हा कोणताही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विनामूल्य वकील मागण्याचा हक्क आहे. तो अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.